नवरा-बायकोने मिळून 'रेझिलियन्स रिट्रीट'ला जाऊन काही होतं का? (मुळशी, इगतपुरी की उरुळी)

पावशेर

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं की गेल्या नोव्हेंबरात सासरे गेले, त्याआधी सव्वीस दिवस आयसीयूत होते. ते सगळं आवरतोय तोवर फेब्रुवारीत नवऱ्याची नोकरी गेली, सोळा वर्षं एका कंपनीत आणि पंधरा मिनिटांच्या एका कॉलमध्ये संपलं. जूनमध्ये दुसरी मिळाली, पगार कमी आहे पण मिळाली. म्हणजे आता तसं सगळं मार्गी लागलंय. पण घरात आम्ही दोघं फक्त हप्ता, सिलेंडर आणि मुलीची फी एवढंच बोलतो. भांडण नाही हो, एखादं कडाक्याचं झालं असतं तर बरंच वाटलं असतं. रात्री दीड-दोनला जाग आली की हा हॉलमध्ये टीव्ही म्यूट करून बसलेला असतो, मी पाणी पिते आणि परत येऊन झोपते. विचारलं तर 'काही नाही, झोप येत नाहीये' एवढंच. मला स्वतःला एप्रिलपासून बीपीची गोळी सुरू झालीय, वय ४१.

नणंद टोरांटोला असते, तिने एक लिंक पाठवली. मुळशीच्या बाजूला एक रिसॉर्ट आहे, तिथे जोडप्यांसाठी 'रेझिलियन्स रिट्रीट', तीन रात्री, दोघांचे मिळून ७२ हजार. त्यात श्वासाचे प्रकार, बर्फाच्या पाण्यात बसणं, जंगलात चालणं, आणि 'अवघड संवाद' म्हणून एक सेशन. नवऱ्याने आकडा बघितला आणि म्हणाला एवढ्यात गाडीचे चार हप्ते जातात. माझी आई म्हणते इगतपुरीला विपश्यनेला जा, पैसे लागत नाहीत. चुलतसासरे म्हणतात उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम. आईला रेझिलियन्स म्हणजे काय ते सांगता सांगता माझीच दमछाक झाली, शेवटी ती म्हणाली 'म्हणजे चिवटपणा ना, तो काय शिकवायचा असतो का.'

कोणी जोडीने असं कुठे जाऊन आलंय का? एकत्र राहायला मिळतं का? आणि परत आल्यावर महिनाभर तरी काही टिकलं का, की सोमवारी ये रे माझ्या मागल्या? घरी मुलगी आठ वर्षांची आणि साबा (सासूबाई) चौऱ्याहत्तरच्या, त्यामुळे दोघांनी एकदम निघणं म्हणजे एक प्रकल्पच आहे.

बिनसाखरेचा

जाऊन आलोय. मुळशीला नाही, पण याच जातकुळीतलं, नाव लिहीत नाही. बायकोच्या ऑफिसकडून कूपन होतं म्हणून निम्म्या पैशात पडलं, नाहीतर मी त्या गेटमधून आत पाऊल टाकलं नसतं.

गेल्या गेल्या कोकम सरबत देतात आणि मोबाईल एका कापडी पिशवीत घालून घेतात. ट्रेनर लोकांचे मोबाईल मात्र त्यांच्याकडेच, कारण रील बनवायचे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाचा टब. दोन मिनिटं बसायचं. मी अकरा सेकंदांत बाहेर. बायको पूर्ण दोन मिनिटं बसली, वर माझ्याकडे बघत बसली. ते बघणं अजून आमच्या घरात राहायला आहे, मी गॅसचा लायटर शोधत असलो तरी तेच बघणं.

पावशेरताई, तुम्हाला बीपीची गोळी सुरू आहे म्हणता, तर बर्फाच्या टबाच्या नादाला लागू नका. थंडगार पाण्यात एकदम शिरलं की श्वास अडकतो, हृदयाचे ठोके आणि बीपी दोन्ही झपकन वर जातात. आमच्या इथे एका फॉर्मवर सही घेतली आणि संपलं, डॉक्टर वगैरे कोणी नव्हता.

आता तो 'अवघड संवाद'. आमच्याकडे त्याचं नाव वेगळं होतं पण प्रकार तोच. एका कार्डावर लिहायचं की जोडीदाराला आजवर न सांगितलेली गोष्ट कोणती, आणि मग समोरासमोर मांडी घालून वाचून दाखवायची, आजूबाजूला अजून नऊ जोडपी हेच करतायत. बायकोने वाचलं की मुलाच्या वेळी तिला कळा सुरू झाल्या तेव्हा मी ऑफिसात रिलीज होती म्हणून चार तास उशिरा पोचलो, आणि ते ती अजून विसरलेली नाही. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी काहीतरी बोलणार एवढ्यात ट्रेनरने घंटा वाजवली आणि म्हणाला चला, टी ब्रेक. तिथे मिनी समोसे होते. ती रडतेय, मी हातात प्लेट घेऊन उभा, आणि कोणीतरी मला विचारतंय चटणी तिखट आहे का.

जखम उघडायला अर्धा तास ठेवला होता, पट्टी बांधायला कोणी नव्हतं. घरी येऊन पुढचे तीन आठवडे आम्ही ते निस्तरत होतो.

बरं काय होतं? झोप. नऊ-नऊ तास झोपलो. आणि सकाळी मोबाईलशिवाय तळ्यापर्यंत जाऊन यायचो ते. पण त्यासाठी वाईजवळच्या एखाद्या होमस्टेलाही जाता येतं की, तीन हजारांत, वर पिठलं-भाकरी.

घाटातलं_धुकं

मला एक कळत नाही, सोळा वर्षं राबवून माणसाला कॉलवर काढायचं आणि मग त्यानेच ७२ हजार खर्च करून चिवट व्हायचं? चिवट तर तो आहेच, चार महिन्यांत दुसरी नोकरी मिळवली की त्याने. हे माझं वैयक्तिक मत.

कसारा_लोकल

इगतपुरीबद्दल लिहितो, जरा मोठं होईल.

आम्ही दोघं २०१८ च्या जुलैमध्ये धम्मगिरीला, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात, गेलो होतो. दुसऱ्यांदा आयव्हीएफ फसलं होतं आणि घरातले लोक कमालीचे समजूतदार वागत होते, ते जास्त त्रासदायक होतं. बायकोने फॉर्म भरला, म्हणून मीही भरला.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, जोडीने गेलात तरी जोडीने राहायचं नाही. पुरुषांचा परिसर वेगळा, बायकांचा वेगळा, जेवण वेगळं, फिरायची वाट वेगळी. ध्यानाच्या हॉलमध्ये एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका. दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे बोलायचं नाहीच, खाणाखुणासुद्धा नाहीत. मोबाईल, पुस्तक, वही-पेन सगळं पहिल्याच दिवशी जमा. फॉर्मही दोघांनी आपापला भरायचा आणि जागा वेगवेगळ्या मिळतात, त्यामुळे एकाचं कन्फर्म आणि दुसरा वेटिंगवर असंही होतं. पैसे खरोखर लागत नाहीत, राहणं-जेवण सगळं आधी शिबिर केलेल्या लोकांच्या दानातून चालतं, आणि तुम्हाला दान द्यायचंच असेल तर तेही दहा दिवस पूर्ण केल्यावरच घेतात.

पहाटे चारला घंटा. साडेचारला बसायचं. अकराला जेवण, आणि संध्याकाळी पाचला नव्या लोकांना चहा, फळ, थोडे कुरमुरे, बस, रात्रीचं जेवण नाही. सात वाजता विपश्यना शिकवणाऱ्या गोयंकाजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन, ते २०१३ मध्ये गेले पण शिबिर अजून त्यांच्याच आवाजात चालतं. साडेनऊला दिवे बंद. दिवसाचे जवळजवळ दहा तास बसणं. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास, नाकपुड्यांपाशी. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात आणि तिथून दिवसातून तीन वेळा तासभर हलायचं नाही, त्याला अधिष्ठान म्हणतात. माझे गुडघे, पाठ, सगळं बोंबलत होतं. दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावंसं वाटतं असं सगळे सांगतात, मला तिसऱ्या दिवशी वाटलं, बॅग भरलीसुद्धा होती. बाहेर असा पाऊस आणि धुकं की गेटच दिसेना.

आता जे सांगायचंय ते. पाचव्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये पलीकडच्या बाजूने खोकला ऐकू आला. शंभर-दीडशे बायका असतील, पण मला कळलं की हा हिचा. पावसाळ्यात तिला होतोच. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, घरी ती खोकायची तेव्हा मी फार फार तर म्हणायचो 'गरम पाणी पी', तेही मोबाईलमधून मान वर न करता. तिथे काहीच करता येत नव्हतं. विचारता येत नव्हतं, वाफेचं सांगता येत नव्हतं, वळून बघताही येत नव्हतं. पुढचे दोन दिवस माझं ध्यान म्हणजे तिचा खोकला कमी झाला का हे ऐकणं. शिकवणीच्या हिशोबाने हे चूकच. असो.

दहाव्या दिवशी मौन सुटलं, अकराव्या दिवशी सकाळी भेटलो तर ती पहिलं वाक्य म्हणाली, 'तू हॉलमध्ये पेंगत होतास ना, तुझं ते नाकातलं शिट्टी वाजणं मला ऐकू येत होतं.' स्टेशनपर्यंत हसत आलो. मग गाडीत बसलो आणि घाट उतरेपर्यंत ती एकटीच बोलत होती, आयव्हीएफबद्दल, ते इंजेक्शनं वगैरे, मी कधी विचारलंच नव्हतं ते. मी मध्ये एकदाही 'बघू काहीतरी' म्हणालो नाही. एरवी म्हणालो असतो.

टिकलं का? खरं सांगू, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात, ते आमचं चार महिने चाललं, मग अर्धा तास, मग बंद. एक मात्र उरलं, राग तोंडात यायच्या आधी पोटात कळतो. दर वेळी नाही, दहातून तीनदा. त्या तीन वेळांनी बरीच भांडणं वाचली असावीत.

तुमच्या घरी लहान मुलगी आहे तर एकेकाने जा. कितीतरी जोडपी तसंच करतात. राज्य सरकारी नोकरीत असाल तर यासाठी रजेची सोय आहे, ऑफिसात विचारा.

मनकवडी

मी समुपदेशक आहे, डोंबिवली-ठाणे पट्ट्यातच काम करते. वरचे प्रतिसाद आवडले, खोकल्याचा तर फारच. पण पावशेर, मला तुझ्या पोस्टमधली एकच ओळ खटकतेय, दीड-दोन वाजता म्यूट टीव्ही. हे किती महिने चाललंय? जेवण कमी झालंय का, वजन उतरलंय का, 'काय उपयोग' छापाचं काही बोलतो का? वडील गेले आणि तीन महिन्यांत नोकरी गेली, म्हणजे त्याला वडिलांसाठी रडायला सवडच मिळालेली नाही असंही असू शकतं. लांबून निदान करत नाहीये, फक्त क्रम सांगतेय. आधी कोणालातरी दाखवा, मग कुठे जायचं ते ठरवा.

विपश्यना वाईट म्हणून नाही. पण दहा दिवस, दहा-दहा तास, बोलायला कोणी नाही आणि डोक्यात काय वर येईल ते सांगता येत नाही. आतून आधीच खचलेल्या माणसाला ते जड जाऊ शकतं. त्यांच्या फॉर्ममध्ये मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात ते याचसाठी, लोक तिथे 'नाही' लिहून मोकळे होतात आणि मग चौथ्या दिवशी पंचाईत. खरं लिहा. आणि मनाच्या गोळ्या चालू असतील तर शिबिरासाठी म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते.

चिवटपणा शिकवायचा असतो का, हा तुझ्या आईचा प्रश्न भारी आहे. हवाईत कवाई म्हणून एक बेट आहे, तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास झाला, ती चाळिशीला येईपर्यंत. त्यातली बरीच मुलं गरिबी, घरात दारू, आईबापांचं आजारपण अशा घरांतली. अशा मुलांपैकीसुद्धा साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, कामाची, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्यात काय होतं हे शोधलं तर फार काही जादू निघाली नाही, आजी, मावशी, एखादी शिक्षिका, असं निदान एक तरी खात्रीचं माणसू प्रत्येकाच्या आयुष्यात होतं. तुमच्या घरात तो हॉलमध्ये आणि तू बेडरूममध्ये, दोघंही जागे. पुढच्या वेळी पाणी प्यायला उठलीस की परत जाऊ नकोस, शेजारी बस. काही विचारू नकोस, टीव्हीचा आवाजही वाढवू नकोस.

आणि हा नंबर फ्रिजवर लाव, १४४१६, टेलिमानस, सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, तिथेही जाता येईल.

(अवांतर: रेझिलियन्सला मी माझ्या क्लायंटशी बोलताना 'लव्हाळेपणा' म्हणते. शब्द नाहीये असा, पण शाळेत शिकलेलं असल्याने सगळ्यांना कळतो.)

बिनसाखरेचा

माणसू नव्हे माणूस :) बाकी +१, शेजारी बसणं विशेषतः. आमच्या त्या बर्फाच्या टबवाल्यांनी हे एक वाक्य सांगितलं असतं तरी पैसे वसूल होते.

उकडीचा_मोदक

उरुळीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, दोनदा राहून आलो, एकदा सात दिवस एकदा दहा. ह्यांचा मधुमेह, माझे गुडघे. पण खरं कारण म्हणजे हे रिटायर झाले आणि आम्हाला एकमेकांशी काय बोलायचं तेच कळेना. चौतीस वर्षं डबा, लोकल, आणि रविवारी मटण, त्यात वेळच कुठे होता.

निसर्गोपचार आश्रम गांधीजींचा. १९४६ च्या मार्चमध्ये ते स्वतः तिथे राहिले, गावातल्या लोकांना तपासलं, उपचार म्हणजे माती, पाणी, ऊन, साधं जेवण आणि रामनाम. मग सगळं मणिभाई देसाईंवर सोपवलं, त्यांनी उभं आयुष्य तिथेच काढलं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने तीसेक किलोमीटर, पुणे-दौंड गाडीने पण जाता येतं.

खोली आम्हाला दोघांना एकत्र मिळाली. पहिल्यांदा डॉक्टर तपासतात आणि मग ज्याचं त्याचं जेवण आणि उपचार लिहून देतात. पोटावर आणि डोळ्यांवर मातीची पट्टी, कटिस्नान, वाफ, मालिश, आणि हो, एनिमा. एनिमाबद्दल नवीन माणसं कुजबुजत विचारतात, तीन दिवसांनी तेच लोक जेवणाच्या टेबलावर मोठ्याने चर्चा करतात. जेवण म्हणजे उकडलेल्या भाज्या, मीठ जवळजवळ नाहीच, ताक, कोणाला नुसता रसच. चहा नाही!! दुसऱ्या दिवशी ह्यांचं डोकं असं दुखायला लागलं की म्हणाले मी गेटबाहेर जाऊन टपरीवर एक कटिंग मारून येतो. मी म्हटलं मलाही आणा. नाही गेले शेवटी, पण ते एकत्र चहाचा कट करणं, त्यात इतकी मजा आली, लग्नाच्या नव्या नवलाईत पण आली नव्हती.

तिथे 'संवाद करा' असं कोणी सांगत नाही. संध्याकाळी लवकर जेवण उरकतं आणि मग रात्री झोपेपर्यंत काही म्हणजे काहीच करायला नसतं. पहिले दोन दिवस आम्ही भिंतीकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी पत्ते काढले. चौथ्या दिवशी हे पत्ते पिसता पिसता म्हणाले, आईच्या शेवटच्या दिवसांत सगळं तूच केलंस, मी पळ काढला, ऑफिसचं नाव पुढे करून. मी म्हटलं माहितीय मला, टाका पान. एवढंच. पण झालं ना बोलून.

जागा आधी नोंदवावी लागते, सुट्ट्यांत गर्दी असते. आणि फार चकचकीत अपेक्षा ठेवून जाऊ नका, आश्रम आहे तो.

जाता जाता, लोणावळ्याचं कैवल्यधामही बघा, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलेलं, योगाचं शास्त्रशुद्ध काम. माझी भाची आणि तिचा नवरा जाऊन आले, खूश आहेत, मी गेलेले नाही त्यामुळे जास्त लिहीत नाही.

पावशेर

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

मनकवडी, तुम्ही सांगितलंत तशी जाऊन बसले शेजारी. पहिल्या रात्री त्याने विचारलं 'काय झालं, बरं नाही का?' मी म्हटलं काही नाही, झोप येत नाहीये. त्याचंच वाक्य. दुसऱ्या रात्री त्याने पांघरूण सरकवून दिलं. म्यूटवर कुठलातरी जुना कसोटी सामना चालू होता, मला क्रिकेटमधलं शष्प कळत नाही, तरी बसले.

नंबर फ्रिजवर लावला होता, वीजबिलाच्या शेजारी, काही न बोलता. आठवड्याभराने रात्री जाग आली तर हॉलमधून हळू आवाजात बोलणं ऐकू आलं. मी आधी घाबरलेच, एवढ्या रात्री कोणाशी, आणि दाराआड उभी राहून ऐकणं बरोबर नाही हे कळत होतं तरी राहिले. तो मराठीत कोणालातरी सांगत होता की बाबांना व्हेंटिलेटरवरून काढायच्या कागदावर सही मी केली. मला ही सही माहीत होती, मी तिथेच होते शेजारी. पण ती तो अजून धरून बसलाय हे माहीत नव्हतं. मी परत येऊन झोपले, म्हणजे पडले. सकाळी त्याने स्वतःच सांगितलं.

आता ठाण्याला एका ठिकाणी जातोय, दोन वेळा झालं जाऊन. एकदा मीही गेले सोबत. डॉक्टरांनी इगतपुरीचं आत्ता नको, पुढच्या वर्षी बघू म्हटलं. मुळशीची लिंक मी डिलीट केली, नणंदेला सांगितलं की बाई तुला पैसे खर्च करायचेच असतील तर तिकीट काढ. तर ती खरंच डिसेंबरात येतेय, आणि साबा आणि मुलगी तिच्यावर सोपवून आम्ही दोघं सात दिवस उरुळीला. नोंदणी झाली. एनिमाचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही, मातीच्या पट्टीवरच हसतोय सध्या.

मोदककाकू, बरोबर काय काय न्यायचं?

कसारा_लोकल

छान वाटलं वाचून. एनिमाचं नका सांगू, तिथे गेल्यावर कळू दे.

उकडीचा_मोदक

अगं जुने सुती कपडे ने, मातीचे डाग धुवून जात नाहीत. डिसेंबर आहे तर स्वेटर, कानटोपी, मोजे, पहाटे कडाक्याची थंडी असते तिकडे. बीपीची गोळी विसरू नकोस आणि गेल्या गेल्या डॉक्टरांना दाखव कुठली घेतेस ती. फरसाण लपवून नेऊ नकोस, आम्ही नेलं होतं, मुंग्यांनी खाल्लं. आणि पत्ते. दोन कॅट ने, एकातली बदामाची राणी नेहमी हरवते.